घरी बनवलेला एम्युलेटर ओपन सोर्स करायचा आहे? लोकं येतील का, अन् यायसाठी काय करून ठेवायचं

राजेहो, शेगाव, बडनेरा नाही तं पुसदच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं कोणतं ना कोणतं पोट्टं अधूनमधून मेसेज करते, "भौ, माझा गेम बॉयचा एम्युलेटर चालायला लागला, टेट्रिस मस्त चालते, आता कोड गिटहबवर टाकला तं लोकं येतील ना मदतीले? साउंड बाकी आहे म्हून." (एम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारा प्रोग्राम, अन् गिटहब म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायची साइट.) तं त्याचं उत्तर पहिलेच देऊन टाकतो. नुसता कोड टाकल्यानं कोणी येत नाही. साउंड तं तुम्हालाच करा लागते. पण थोडी तयारी करून टाकला तं लोकं येतात, फक्त ज्या कामासाठी तुम्ही वाट पाहून राहिले त्या कामासाठी नाही, भलत्याच कामासाठी येतात, अन् ते भलतं काम कोणतं हे आधी माहीत असलं की त्या हिशोबानं रेपो, म्हणजे गिटहबवरचं कोडचं फोल्डर, लावून ठेवता येते. कसं ते खाली लिहिलं आहे, ज्याला जेवढं लागू पडते तेवढं घ्या.

आधी खरं काय ते

ओपन सोर्सचा विषय निघाला की सगळे डॉल्फिनचंच उदाहरण देतात. गेमक्यूबचा हा एम्युलेटर २००३ मध्ये आला तेव्हा कोड बंद होता, मधात तं काम जवळजवळ थांबलंच होतं, मंग जुलै २००८ मध्ये जीपीएल लायसन्सखाली (बदल करून वाटला तं तोही कोड उघडा ठेवा, असं सांगणारं) कोड उघडा केला अन् तिथून गाडी अशी सुटली की २००९ मध्ये वी कन्सोलचा सिस्टीम मेन्यूसुद्धा त्याच्यावर उघडला, अन् आजपर्यंत शेकडो लोकांनी त्यात कोड घातला. हे खरं आहे. पण झेडस्नेसचं कोणी सांगत नाही. सुपर निन्टेंडोचा हा एम्युलेटर एकेकाळी ज्याच्या त्याच्या पीसीवर होता, त्याचाही कोड २००१ मध्ये जीपीएलखाली उघडा झाला, तरी शेवटचं १.५१ व्हर्जन २००७ च्या जानेवारीत आलं अन् मंग सगळं थंड. काहून? तं त्याचा बराचसा कोड एक्स८६ असेंब्लीत, म्हणजे थेट जुन्या पीसीच्या प्रोसेसरच्या भाषेत होता. पेंटियमच्या जमान्यात स्पीडसाठी ते बरोबरच होतं, पण ६४ बिट आलं, मोबाइलचे एआरएम प्रोसेसर आले, अन् तो कोड दुसरीकडं न्यायचा म्हणजे अर्धा नव्यानं लिहायचा. ज्याला एवढं येते तो माणूस दुसऱ्याचा जुना असेंब्ली कोड कायले वाचत बसेल, तो स्वतःचाच लिहील.

आता सेमू पहा. वी यू कन्सोलचा एम्युलेटर, २०१५ पासून बंद कोड, लोकं पॅट्रिऑनवर पैसे देत होते, अन् ऑगस्ट २०२२ मध्ये २.० व्हर्जनसोबत एमपीएल लायसन्सखाली उघडा केला. लिनक्सचं बिल्ड (कोडपासून बनवलेला, चालवायला तयार प्रोग्राम) त्याच्यासोबतच आलं, मॅकचं मागून आलं. बंद असताना वर्षानुवर्षं लोकं लिनक्स लिनक्स करत होते, ते काम उघडा व्हायच्या वेळेलाच मार्गी लागलं.

ह्या तिघांमधून काय दिसते? डॉल्फिन अन् सेमूकडं तीन गोष्टी होत्या. कोड उघडा व्हायच्या आधीच वापरणारे लोकं होते. त्या मशीनसाठी दुसरा चांगला पर्याय नव्हता, म्हणजे ज्याला आपला गेम नीट चालवायचा आहे त्याला इथंच येऊन दुरुस्त करा लागे. अन् कोड सी प्लस प्लसमध्ये, वाचता येण्यासारखा. झेडस्नेसकडं पहिली होती, तिसरी नव्हती. अन् खरं सांगू का, तुमच्या गेम बॉय एम्युलेटरकडं पहिल्या दोन नाहीत. गेम बॉयसाठी एमजीबीए आहे, सेमबॉय आहे, दोन्ही फुकट, दोन्ही उघडे, दोन्ही तुमच्यापेक्षा अचूक. मंग खेळणारा तुमच्याकडं येणार नाही, अन् जो डेव्हलपर आहे त्याची गोष्ट अजून मजेची आहे: पीपीयू म्हणजे ग्राफिक्सचा भाग लिहिणं हीच ह्या छंदातली खरी मजा आहे, तं ज्याला पीपीयू लिहिता येतो तो तुमचा अर्धवट पीपीयू दुरुस्त करायला येत नाही, तो स्वतःचा लिहून मजा घेतो. म्हणून गेम बॉय, निन्टेंडो (इथं म्हणजे टीव्हीला जोडायचं जुनं एनईएस मशीन), चिप-८ चे इतके एम्युलेटर गिटहबवर पडले आहेत अन् जवळपास सगळ्यांत एकाच माणसाचं नाव आहे. ह्यात वाईट वाटून घ्यायसारखं काही नाही, छंदाचा स्वभावच तसा आहे.

तरी लोकं येतात. पहिले येते तो "हा गेम चालत नाही" म्हणणारा. मंग त्याच्या लिनक्सवर बिल्ड होत नाही म्हणून दोन ओळी बदलून पाठवणारा. मंग कंट्रोलरवाला, की माझ्या गेमपॅडची बटणं उलटी येऊन राहिली. मंग भाषांतरवाला. कधीतरी वेब बिल्ड करून देणारा. अन् हे सगळं झाल्यावर, नशीब असलं तं, एखादा असा माणूस जो टायमिंगचा किडा आहे. कोर, म्हणजे मशीनची नक्कल करणारा मुख्य भाग, दुरुस्त करणारा नेहमी शेवटी येतो, अन् तो बहुतेक वेळा पहिल्या चार जातींतूनच तयार होतो. तं तयारी त्या पहिल्या चार जणांसाठी करायची.

पब्लिक बटण दाबायच्या आधी

गिटची (कोडच्या जुन्या-नव्या प्रती सांभाळणारं टूल) हिस्टरी तपासा. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये टेस्ट करायला ठेवलेले रॉम (कॅसेटमधल्या गेमची फाइल) असतात, कोणाच्या बायोसची (मशीन सुरू करणारा कंपनीचा प्रोग्राम) फाइल असते, अन् शेवटच्या दिवशी डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये (हिस्टरीतल्या नोंदीत) ती तशीच बसलेली राहते, कोणीही काढू शकते. त्याच्यासाठी गिट फिल्टर-रेपो नावाचं टूल आहे, त्यानं पूर्ण हिस्टरीतून ती फाइल काढता येते. किंवा सरळ नवीन रेपो बनवून सगळा कोड एका कमिटमध्ये टाका, पण मग तुमचा प्रवास कोणाला दिसत नाही अन् इंटरव्ह्यूत तो दाखवायला कामी येते, म्हणून फिल्टर-रेपोच बरं.

कायद्याचं थोडक्यात. २००० मध्ये अमेरिकेच्या कोर्टात सोनी विरुद्ध कनेक्टिक्स केस झाली, त्यात प्लेस्टेशनचं बायोस उलगडून पाहून स्वतःचा एम्युलेटर बनवणं हे फेअर यूज धरलं गेलं. आपल्याकडंही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये, कायदेशीरपणे हातात असलेला प्रोग्राम चालताना पाहून अभ्यासायला अन् इंटरऑपरेबिलिटीची (एक प्रोग्राम दुसऱ्याशी जुळवायची) माहिती काढायला जागा आहे. पण गेमची किंवा बायोसची कॉपी वाटायला जागा कुठंच नाही. अन् नवीन मशीन असलं तं प्रकरण वेगळं होते, २०२४ मध्ये निन्टेंडोनं स्विचच्या युझू एम्युलेटरवर केस केली ती एन्क्रिप्शन तोडण्याच्या मुद्द्यावर, अन् २४ लाख डॉलरवर मिटली, प्रोजेक्ट बंद. तुम्ही गेम बॉयवर असाल तं शांत झोपा, फक्त रॉम रेपोत ठेवू नका अन् "रॉम कुठं भेटते" ह्या प्रश्नाला उत्तर देऊ नका.

दोन गोष्टी अजून. पुण्याच्या कंपनीत लागले असाल तं ऑफर लेटर उघडून पहा, काही ठिकाणी नोकरीत असताना लिहिलेला सगळाच कोड कंपनीचा धरतात. अन् कोणाचा कोड पाहून-पाहून लिहिला असेल, म्हणजे समजून नाही, उचलून, तं त्याचं लायसन्स तुम्हाला लागू होते. जीपीएलचा तुकडा आत असला की पूर्ण एम्युलेटर जीपीएलच करा लागते.

लायसन्स नाही टाकलं तं कोड दिसते पण कायद्यानं कोणालाच वापरता येत नाही, हे लय पोट्ट्यांना माहीत नसते. अन् लायसन्स एकदाच नीट निवडा, कारण दुसऱ्याचा कोड आत आला की मंग बदलणं म्हणजे डोक्याला ताप. आर्केड मशीनचा एम्युलेटर मेम १९९७ पासून स्वतःच्या नॉन-कमर्शियल लायसन्सवर होता, ते सोडून बीएसडी अन् जीपीएलवर यायला २०१६ उजाडलं, अन् त्याच्यासाठी जुन्या-जुन्या लोकांना शोधून परवानगी घ्या लागली. उलटं उदाहरण प्लेस्टेशनच्या डकस्टेशन एम्युलेटरचं: जीपीएल होता, २०२४ मध्ये बदल न करता, धंदा न करता वाटायच्या लायसन्सवर गेला. ज्यांनी आधी कोड दिला त्यातल्या काहींना ते खटकलं, खटकणारच. माझं मत विचाराल तं पूर्ण एम्युलेटरला जीपीएल, नुसता सीपीयू कोर वेगळी लायब्ररी म्हणून देऊन राहिले तं एमआयटी, म्हणजे नाव ठेवून काहीही करा असं सैल लायसन्स. "कोणी विकू नये" म्हणून नॉन-कमर्शियल टाकायची लय इच्छा होते, समजतो मी, पण जो हजार गेम भरलेले हँडहेल्ड विकते तो लायसन्स वाचत नाही, अन् डेबियनसारखे लिनक्सवाले मात्र वाचतात अन् असं सॉफ्टवेअर आपल्या मुख्य यादीत घेत नाहीत. म्हणजे चोर सुटला अन् पाहुणा बाहेर उभा.

बिल्ड पहिल्या झटक्यात व्हायला पाहिजे

इथं मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण आपल्याकडच्या माणसालाच हे जास्त कळते. दारव्हा-दिग्रसकडं बसून दीड जीबीच्या मोबाइल डेटावर कोणाचा रेपो क्लोन करून (पूर्ण उतरवून) पहा, त्यात दहा सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसऱ्यांचे रेपो), प्रत्येकाची आपली हिस्टरी, अर्धा झाला की लाइट गेली अन् राउटर बंद. तो माणूस परत येत नाही. तं तुमच्या रेपोत हे करू नका. सबमॉड्यूल कमीत कमी, स्क्रीनशॉट अन् व्हिडिओ रेपोत नाही, रिलीजच्या पानावर. रीडमीमध्ये सरळ लिहा की डेप्थ एक देऊन शॅलो क्लोन करा, म्हणजे नुसता शेवटचा कोड उतरते. लायब्ररी एसडीएल (विंडो, आवाज, कंट्रोलर सांभाळणारी) एकच असली तं लय चांगलं. बिल्डच्या कमांड तीन ओळींच्या वर जाऊ देऊ नका, अन् त्या ओळी एखाद्या मित्राच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर, जिथं तुमचं काहीच इन्स्टॉल नाही, तिथं चालवून पहा. तुमच्या मशीनवर चालते ह्याला काही अर्थ नाही, तिथं तं चालणारच.

मंग गिटहब ॲक्शन्स (गिटहबवर आपोआप बिल्ड अन् टेस्ट चालवणारी सोय) लावा, पब्लिक रेपोला ते फुकट आहे. प्रत्येक कमिटला विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीचं बिल्ड आपोआप बनलं पाहिजे अन् डाउनलोड करता आलं पाहिजे. ह्याचा फायदा फक्त सोय एवढाच नाही. डॉल्फिनमध्ये प्रत्येक बदलाचं वेगळं बिल्ड साइटवर राहते, तं ज्याला प्रोग्रामिंगचा प सुद्धा येत नाही असा माणूस जुनी-नवी बिल्डं लावून पाहते अन् सांगते की ह्या बिल्डपर्यंत गेम चालत होता, ह्याच्यापासून बिघडला. अर्धा डीबग तिथंच झाला. खेळणाऱ्याला काम करणारा बनवायचा ह्याच्यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

अन् जमलं तं एमस्क्रिप्टननं (सी-सी प्लस प्लसचा कोड ब्राउझरमध्ये चालवायचं टूल) वेब बिल्ड करून गिटहब पेजेसवर ठेवा. लोकं लिंक उघडतात, फोनवर गेम चालताना दिसते, मंग कोड पाहतात. सोबत गेम कोणता द्यायचा? कॉपीराइटवाला नाही. टोबू टोबू गर्लसारखे गेम बॉयचे होमब्रू, म्हणजे छंदी लोकांनी बनवलेले गेम आहेत ज्यांचा कोड उघडा आहे, त्यांचं लायसन्स वाचून ते ठेवा.

टेस्टचा तक्ता

समजा तुम्ही बाकी काहीच करत नाही अन् एकच गोष्ट करायला वेळ आहे, तं ही करा. रीडमीमध्ये टेस्ट रॉमचा (एम्युलेटर तपासायलाच बनवलेले छोटे प्रोग्राम) तक्ता टाका, कोणती पास, कोणती फेल, अन् फेल असली तं तुमच्या मते काहून फेल.

निन्टेंडोसाठी नेसटेस्ट आहे. प्रोग्राम काउंटर हेक्स सी००० वर ठेवून चालवायचं अन् प्रत्येक इन्स्ट्रक्शनला रजिस्टर अन् सायकल छापत जायचं, मंग निन्टेंड्युलेटर नावाच्या एम्युलेटरची तयार लॉग फाइल मिळते तिच्याशी ओळीला ओळ जुळवायची, जिथं पहिला फरक पडला तिथं तुमचा बग. स्क्रीनवर काही दिसायचीसुद्धा गरज नाही. गेम बॉयसाठी ब्लार्गच्या सीपीयू टेस्ट, त्या निकाल सिरीयल पोर्टवर पाठवतात, एफएफ०१ ला अक्षर अन् एफएफ०२ ला ८१, म्हणजे तुम्ही ते दोन पत्ते पकडले की टर्मिनलवर निकाल वाचता येते. मूनआयच्या टेस्ट पास झाल्या की बी, सी, डी, ई, एच, एल ह्या रजिस्टरांत ३, ५, ८, १३, २१, ३४ असे फिबोनाचीचे आकडे टाकतात, तं सीआयमध्ये (प्रत्येक बदलाला आपोआप होणारी तपासणी) तपासायला एकदम सोपं. ग्राफिक्ससाठी डीएमजी-ॲसिड२, त्याचं बरोबर चित्र दिलेलं असते, तुमचं चित्र पिक्सेल टू पिक्सेल जुळवा.

ह्याचा मदतीशी काय संबंध, तं असा: तुमच्याकडं अनोळखी माणूस आला, त्याला रविवारचा अर्धा दिवस आहे. "एम्युलेटर सुधारायला मदत करा" हे वाचून तो काय करेल? काहीच नाही. पण तक्त्यात त्याला दिसलं की मूनआयची टायमरवाली एक टेस्ट लाल आहे, बाजूला लिहिलं आहे की डिव्ह रजिस्टर रिसेट करताना टायमरचा फॉलिंग एज धरला नाही, कोड टायमर डॉट सी फाइलमध्ये आहे, माहिती पॅन डॉक्समध्ये (गेम बॉय आतून कसा चालते ते सांगणारी साइट) अमुक पानावर आहे, तं ते काम संपेल कधी हे त्याला सुरू करायच्या आधीच माहीत आहे: लालचं हिरवं झालं की संपलं. कोणाला विचारायचं नाही, कोणाचं मन वळवायचं नाही. अन् तुम्हालाही पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्यानं पाठवलेला बदल) आला की वाद घालत बसा लागत नाही, सीआय सांगते की हिरवं झालं अन् बाकीचं काही लाल नाही झालं, घ्या आत.

एआयनं लिहिलेले पीआर आजकाल येतात, वरून दिसायला छान, आतून पोकळ. त्यांनाही हाच तक्ता पुरते. कोणी लिहिलं हे विचारायची गरज नाही, कोणती टेस्ट सुधारली ते दाखव म्हणायचं.

"गुड फर्स्ट इश्यू" हे लेबल लावताना इमानदारी ठेवा. निन्टेंडोच्या ग्राफिक्समधलं स्प्राइट झिरो हिट दुरुस्त करा हे काही पहिलं काम नाही, त्यात जुने-जाणतेही घसरतात. पहिलं काम म्हणजे विंडोचा साइज लक्षात ठेवणं, रॉम ड्रॅग करून टाकता येणं, सेव्ह फाइल कुठं जाते ते सेटिंगमध्ये घेणं. फाइलचं नाव अन् फंक्शनचं नाव इश्यूत लिहा. तुम्ही स्वतः एका तासात कराल असं काम मुद्दाम सोडून ठेवा, हे जमायला जड जाते कारण हात शिवशिवतात, पण सोडा.

बग रिपोर्टच्या फॉर्ममध्ये एवढंच मागा: गेमचं नाव अन् रीजन, रॉमचा शा-वन हॅश (फाइल ओळखायचा ठसा), तुमच्या एम्युलेटरचं व्हर्जन, अन् आधी कधी चालत होता का. रॉम मागू नका, कोणी जोडला तं लगेच काढून टाका. इनपुट रेकॉर्ड करायची सोय तुमच्यात असली, म्हणजे कोणतं बटण कोणत्या फ्रेमला दाबलं, तं सोन्याहून पिवळं, तिसऱ्या लेव्हलवरचा बग तुम्हाला तिसरी लेव्हल न खेळता पाहता येते.

आपल्याकडचंच काम, जे दुसऱ्याकडं नाही

मी वर म्हटलं की ज्या मशीनला चांगला पर्याय आहे तिथं लोकं येत नाहीत. मंग जिथं पर्याय कमी आहे ते पकडा ना. नागपूरच्या बर्डीवरून नाही तं तालुक्याच्या बाजारातून आणलेले ते व्हिडिओ गेम आठवा, पिवळ्या-लाल कॅसेटवाले, "९९९९ इन १" लिहिलेले अन् आत खरे गेम मोजकेच, बाकी त्यांचेच डबल नाव. ती यंत्रं म्हणजे फॅमिकॉमचे (निन्टेंडोचं जपानी रूप) क्लोन, म्हणजे नकला, साठ पिनांची कॅसेट. त्यांचं टायमिंग खऱ्या निन्टेंडोसारखं नसते. युरोपातल्या पाल (५० हर्ट्झच्या टीव्हीची पद्धत) निन्टेंडोचा सीपीयू १.६६ मेगाहर्ट्झवर चालते अन् एका सीपीयू सायकलला ३.२ पिक्सेल पडतात, पण पाल टीव्हीसाठी बनलेल्या क्लोन चिपा १.७७ मेगाहर्ट्झच्या, एका सायकलला बरोबर ३ पिक्सेल, अन् चित्र संपल्यावर ५१ ओळी व्हीब्लँकचा (दोन चित्रांमधल्या मोकळ्या वेळेचा) इंटरप्ट यायच्या आधी रिकाम्या जातात, म्हणजे जपानी गेम आहे तसे ५० हर्ट्झच्या टीव्हीवर चालावे म्हणून केलेला जुगाड. रशियात हेच क्लोन डेंडी नावानं विकले गेले, म्हणून एफसीईयूएक्स अन् मेसेन ह्या एम्युलेटरांमध्ये ह्या टायमिंगला डेंडी मोड म्हणतात. आपल्याकडंही टीव्ही पालच होते, तं इकडच्या माळ्यावर पडलेल्या यंत्रांत काय निघते हे उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही, अन् उघडून पाहणारे आपल्याकडचेच पाहिजेत.

तुमच्या निन्टेंडो एम्युलेटरमध्ये डेंडी टायमिंग नीट करा, अन् ह्या मल्टीकॅसेटच्या बँक स्विचिंगला (मोठ्या कॅसेटचा एकेक तुकडा समोर आणायला) जे मॅपर लागतात ते लिहा. रीडमीत मागा की ज्याच्या घरी असं यंत्र असेल त्यानं उघडून बोर्डाचा फोटो पाठवा, चिपेवरचा नंबर पाठवा, अन् मेन्यूचा फोटो. बऱ्याच कॅसेटीत चिप दिसतच नाही, नुसता काळा गोळा चिकटवलेला असते, तरी बोर्डावरचा नंबर कामाचा. रॉम नाही मागायचा, नुसती बोर्डाची माहिती. ह्या कामाला सी प्लस प्लस लागत नाही, पेचकस लागते, अन् पेचकस धरणारे लोकं गावात कोडवाल्यांपेक्षा शंभरपट जास्त आहेत. मोबाइल रिपेरिंगचं दुकान असलेला माणूस ह्या प्रोजेक्टमध्ये कॉलेजच्या टॉपरपेक्षा जास्त कामाचा आहे, हे मी मनापासून सांगून राहिलो.

मराठी भाषांतर मागायचं असलं तं आधी एक तपासा. छंदाच्या एम्युलेटरमध्ये मेन्यू बहुतेक डिअर इमगुई नावाच्या लायब्ररीत असते, अन् ते अक्षरांचं शेपिंग करत नाही, म्हणजे देवनागरी फॉन्ट टाकला तरी जोडाक्षरं तुटतात अन् पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते. क्यूटी ह्या दुसऱ्या लायब्ररीत हे बरोबर येते कारण तिच्या आत अक्षरं जोडणारं हार्फबझ आहे. भाषांतरवाला दोनशे ओळी लिहून देईल अन् स्क्रीनवर "सेटिंग" वाचता येणार नाही तं तो चिडेल. इमगुईला हार्फबझ जोडून देणं हे स्वतःच एक मस्त इश्यू आहे, मराठी, हिंदी, बंगाली सगळ्यांच्या कामाचं.

कोणी आलंच तं

दोन-तीन दिवसांत उत्तर द्या. पूर्ण तपासणी नाही जमली तरी "पाहिलं, रविवारी नीट पाहतो" एवढं लिहा. सोयाबीन काढणी आहे, लग्न आहे, गावात लाइट नाही, जे असेल ते रेपोच्या वरच्या इश्यूत पिन करून ठेवा की दिवाळीपर्यंत उशीर होईल. लोकं उशीर सहन करतात, गप्प बसणं नाही करत.

दुसऱ्याचा पीआर आपल्या स्टाइलमध्ये पूर्ण लिहून काढू नका. स्पेस अन् नावं चुकली असली तं आत घेऊन मंग स्वतः दुरुस्त करा, त्याला चार वेळा परत पाठवू नका. अन् सगळ्यात वाईट सवय, जी एकट्यानं काम करणाऱ्या प्रत्येकाला असते: "मी घरी सगळं नव्यानं लिहून राहिलो, थोडं थांबा." असं ऐकल्यावर कोणता माणूस जुन्या कोडवर मेहनत करेल? नव्यानं लिहायचं असलं तं उघड्यावर, वेगळ्या ब्रँचमध्ये, तुटकंफुटकं असलं तरी.

ऑक्टोबरची काळजी घ्या. डिजिटल ओशनचा हॅक्टोबरफेस्ट असते, चार पीआर केले की टी-शर्ट मिळायचा, तं २०२० मध्ये रीडमीत "अमेझिंग प्रोजेक्ट" असे दोन शब्द टाकणाऱ्या पीआरचा असा पूर आला की त्यांना ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलून, ज्या रेपोनं स्वतः हो म्हटलं तोच धरायचा असं करा लागलं. त्यात आपल्या देशातले पोट्टे कमी नव्हते, टी-शर्टसाठी काय करतील नेम नाही. असा पीआर आला तं शिवी न देता बंद करा अन् टेस्टच्या तक्त्याची लिंक द्या, दहातला एखादा खरंच परत येतो.

वापरणारे वाढवायचे असले तं लिब्रेट्रोचा कोर बनवा, म्हणजे रेट्रोआर्चच्या आत तुमचा एम्युलेटर चालेल, कंट्रोलर, शेडर, मेन्यू सगळं त्यांचं, तुमच्याकडं मुख्य म्हणजे एक फ्रेम पळवायचं फंक्शन. फायदा मोठा, तोटा असा की लोकं मंग तुमच्या रेपोत येतच नाहीत, तक्रार तिकडंच करतात. ते पटत असलं तं करा.

जो माणूस तीन-चार चांगले पीआर देईल त्याला मर्ज करायचा, म्हणजे बदल आत घ्यायचा, हक्क देऊन टाका. भीती वाटते, पण गिटमध्ये काही कायमचं बिघडत नाही. अन् उघड्या कोडचा एक फायदा असा की तो तुम्ही असताना दिसतच नाही: निन्टेंडोच्या नेस्टोपिया एम्युलेटरच्या मूळ लेखकानं २००८ च्या सुमारास काम थांबवलं, कोड जीपीएल होता म्हणून दुसऱ्यांनी अनडेड एडिशन नावानं उचलला अन् पुढं चालवला. डॉल्फिनच्या सुरुवातीच्या लेखकांपैकी एक हेनरिक रिडगार्ड, त्यानं २०१२ मध्ये पीएसपीचा पीपीएसएसपीपी काढला तो पहिल्यापासूनच जीपीएलखाली उघडा, अन् त्यात बाहेरचे लोकं सुरुवातीपासून आले. पण तिथंही ती पीएसपी होती, फोनवर नीट चालणारा दुसरा एम्युलेटर तेव्हा नव्हता, हे विसरू नका.

वर्षभर ठेवून कोणीच नाही आलं तं? तं रेपो आर्काइव्ह करायच्या आधी एक संध्याकाळ द्या. तक्ता शेवटचा चालवून तारीख टाका, कोणती टेस्ट लाल आहे अन् तुमचा अंदाज काय होता ते लिहा, सीपीयूचा भाग वेगळा निघत असला तं वेगळ्या फोल्डरमध्ये त्याच्या टेस्टसकट ठेवा, कारण पूर्ण एम्युलेटर कोणी उचलत नाही पण चांगला तपासलेला सीपीयू कोर लोकं उचलतात. रेझ्युमेवर लिंक टाका. अन् साउंड अजूनही बाकी असलं तं आर्काइव्ह नका करू, आधी चार चॅनलपैकी दुसरा पल्सवाला करून घ्या, तो सगळ्यात सोपा आहे.